फडक्यातून गाळलेला प्राणी

श्रीखंड करताना चक्का तलम फडक्यावर घासून खाली उतरवतात, तेव्हा त्यात एकही गाठ शिल्लक राहत नाही. १९०७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये एच. व्ही. विल्सन या प्राणिशास्त्रज्ञांनी एका जिवंत प्राण्याचं जवळजवळ असंच केलं. प्राणी होता मायक्रोसिओना नावाचा समुद्रातला लाल स्पंज. कापड होतं गिरणीत मैदा चाळायला वापरत तसलं तलम रेशमी. त्यांनी स्पंजचे तुकडे त्या कापडात बांधून पुरचुंडी केली, ती समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात धरली आणि चिमट्याने दाबली. कापडातून लाल ढगासारखं काहीतरी पाण्यात पसरलं आणि हळूहळू तळाशी बसलं.

तळाशी बसलेला तो गाळ म्हणजे सुट्या पेशी होत्या. आता तिथे प्राणी असा उरलाच नव्हता. बेडूक किंवा गांडूळ असं गाळलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. इथे थोड्याच वेळात पेशी हलू लागल्या. अमीबासारखे पाय काढून त्या तळावर सरपटायच्या, शेजारची पेशी लागली की तिला चिकटायच्या. दोनाच्या चार झाल्या, चाराचा पुंजका झाला, पुंजक्यांचे गोळे झाले. गोळे काचेवर पसरून त्यांचा लाल थर झाला. पुढच्या काही दिवसांत त्या थरात पाण्याच्या वाटा तयार झाल्या, पाणी ढकलणाऱ्या पेशींच्या खोल्या तयार झाल्या, आणि शेवटी पाणी बाहेर टाकणारं तोंड उघडलं. स्पंज पुन्हा उभा राहिला आणि जगू लागला.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आपलं शरीर आपल्याला एकसंध वाटतं, जणू ते आधी एक आहे आणि पेशी हे त्याचे नंतर पाडलेले भाग. स्पंजमध्ये उलटं दिसतं. तिथे आधी पेशी आहेत, आणि शरीर हा त्यांनी एकमेकींशी केलेला करार आहे. करार मोडला तरी पेशी जिवंत राहतात आणि तो पुन्हा करतात. तो करार कसा होतो, आणि पाणी गढूळ झालं, परका शेजारी आला किंवा समुद्र तापला तर या पेशी काय करतात, हे या लेखात सांगायचं आहे.

स्पंज म्हटलं की माझ्या पिढीला पाटी पुसायचा ओला तुकडा आठवतो. दप्तरात प्लास्टिकच्या डबीत तो असायचा आणि शनिवारपर्यंत त्याला वास यायचा. तो बहुतेकदा कारखान्यात केलेला फोम असे. आंघोळीला अंग घासायची घोसाळ्याची वाळकी जाळी तर वनस्पतीची. खरा आंघोळीचा स्पंज भूमध्य समुद्रातून येई. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या तो काढत आले. तोही प्राणी नव्हे, प्राण्याचा सांगाडा. पेशी सडवून, धुऊन काढल्या की स्पाँजिन नावाच्या प्रथिनाची मऊ जाळी उरते, ती विकली जाते. म्हणजे ज्याला आपण स्पंज म्हणतो त्यात स्पंजची एकही पेशी नसते.

जिवंत स्पंज पाहायचा असेल तर कोकणात उधाणाच्या ओहोटीला खडपात जावं. भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो त्या दिवशी एरवी पाण्याखाली राहणारे दगड उघडे पडतात. त्यांच्या सावलीच्या बाजूला, कपारीत, कालवांच्या शेजारी केशरी, राखाडी नाहीतर हिरवट रंगाचा एक थर चिकटलेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते शेवाळ वाटतं. जवळ वाकून पाहिलं की त्या थरावर छोटे छोटे उंचवटे दिसतात, प्रत्येकाच्या टोकाला भोक. एकदा रत्नागिरीजवळ गुडघाभर पाण्यात उभं राहून मी अशा एका भोकाजवळ बोटाने थोडा तळचा गाळ उडवला. भोकाच्या अगदी वर आलेले कण खाली बसेनात. ते वर उचलले जात होते, बाजूला फेकले जात होते. दगडावरचा तो थर पाणी सोडत होता.

नेमकं हेच १८२५च्या सुमारास रॉबर्ट ग्रँट यांनी स्कॉटलंडमध्ये पाहिलं होतं. तोवर स्पंज वनस्पती की प्राणी हा वाद अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून चालू होता. ग्रँटनी काचेच्या भांड्यात जिवंत स्पंज ठेवून मोठ्या भोकांतून सतत बाहेर पडणारा झोत पाहिला, आणि हा प्राणी आहे असं ठामपणे मांडलं. पुढे एडिंबरामध्ये त्यांच्या मागे समुद्रकिनाऱ्यावर हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांत तरुण चार्ल्स डार्विन होता.

आपल्या शालेय पुस्तकात हा प्राणी ‘रंध्रीय संघ’ या नावाखाली येतो. ऑस्टिया, ऑस्क्युला, कॉलर पेशी, कंटिका असे चार शब्द पाठ करायचे आणि पुढच्या संघाकडे जायचं. तिथेच ‘सर्वांत साधी शरीररचना’ असंही सांगितलेलं असतं. ते एका अर्थाने बरोबर आहे. स्पंजला पोट नाही, हृदय नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत. पण त्या ‘साधे’पणाने मुलांचं कुतूहल तिथेच थांबतं, याचं मला वाईट वाटतं. अवयव नसल्यामुळे इथे सगळं काम एकेका पेशीला करावं लागतं, आणि त्या कामाचे बारकावे थक्क करणारे आहेत.

पाण्याचंच बघा. ल्युकोनिया हा जेमतेम १० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड असा स्पंज दिवसाला सुमारे २२.५ लिटर पाणी गाळतो. म्हणजे बोटाएवढा प्राणी दीड बादली पाणी अंगातून काढतो. त्याच्या अंगावर सुमारे ८१,००० आत जाणाऱ्या वाटा असतात आणि आत २० लाखांहून जास्त सूक्ष्म खोल्या. बाहेर जायचं तोंड मात्र एकच.

या आकड्यांमागे एक सुंदर युक्ती आहे. कोकणातली नदी घाट उतरताना खळाळत येते, आणि तेच पाणी खाडीत पसरलं की हलतंय की नाही कळत नाही. पाणी तेवढंच, पण जागा रुंद झाली की वेग कमी होतो. स्पंजमध्ये पाणी आत शिरतं सेकंदाला साधारण १ मिलिमीटर वेगाने. लाखो खोल्यांत वाटलं गेलं की त्यांची एकूण रुंदी प्रचंड होते आणि वेग शंभरपट घटतो. पाणी रेंगाळतं, तेवढ्यात पेशी त्यातलं अन्न वेचून घेतात. मग सगळ्या वाटा एका तोंडाशी एकत्र येतात आणि उष्टं पाणी सेकंदाला साडेआठ सेंटिमीटर वेगाने दूर फेकलं जातं, म्हणजे तेच पाणी पुन्हा आत येऊ नये. घरात एक्झॉस्ट पंखा बसवताना आपणही हेच बघतो.

हे पाणी ढकलतं कोण? कॉलर पेशी. प्रत्येक पेशीला एक लांब शेपटी आणि तिच्याभोवती बारीक केसांची गोल कॉलर असते, जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्याच्या आकाराची. शेपटी वळवळली की पाणी कॉलरच्या केसांमधून ओढलं जातं आणि त्यातले जिवाणू केसांना अडकतात. पेशी ते गिळते, थोडं आपण पचवते, थोडं शेजारच्या भटक्या पेशीला देते. आर्किओसाइट हे या भटक्या पेशींचं शास्त्रीय नाव. त्या स्पंजच्या दोन थरांमधल्या जेलीसारख्या भागात हिंडत असतात, अन्न पोहोचवतात आणि लागेल तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनतात. पोट नसलेल्या प्राण्याचा स्वयंपाक असा घरोघरी होतो आणि डबे पोहोचवणारी माणसंही त्याच गल्लीतली.

विल्सनच्या भांड्यात नेमकं काय घडलं हे इथे कळतं. काही पेशींनी जुनं काम पुन्हा हाती घेतलं, आणि भटक्या पेशींनी उणीव असेल तिथे नवं रूप घेतलं. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या गटाने ग्रेट बॅरियर रीफमधल्या अ‍ॅम्फिमेडॉन या स्पंजवर काम करताना आणखी एक गोष्ट दाखवली. कॉलर पेशीसुद्धा आपलं काम सोडून भटक्या पेशीचं रूप घेऊ शकते. आपल्या अंगात कातडीच्या पेशीने उठून यकृताची पेशी व्हायचं ठरवलं तर तो आजार ठरेल. स्पंजमध्ये ती रोजची सोय आहे.

पण सरपटत जाऊन नेमकं कुणाला चिकटायचं हे पेशीला कसं कळतं? या प्रश्नाने पुढची पन्नास-साठ वर्षं संशोधकांना झपाटलं. लाल मायक्रोसिओना आणि वेगळ्या रंगाचा हॅलिक्लोना, दोन्ही गाळून एकाच भांड्यात मिसळले तर काय होतं? पेशी आधी सरमिसळ चिकटतात, आणि थोड्या वेळाने लाल पेशींचे गोळे वेगळे, दुसऱ्या रंगाचे वेगळे. तांदळातून डाळ आपोआप निवडली जावी तसं. सगळ्या जातींच्या जोड्यांत ही निवड इतकी स्वच्छ होत नाही, पण या जोडीत ती डोळ्यांना दिसते.

१९६३ च्या सुमारास टॉम हम्फ्रीज आणि अ‍ॅरन मॉस्कोना यांनी या ओळखीची उकल केली. यातला थंडीचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कापडातून दाबून वेगळ्या केलेल्या पेशी थंड पाण्यातही एकमेकींना चिकटतात. पण पेशी वेगळ्या करायची दुसरीही रीत आहे. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून टाकायचं आणि त्या पाण्यात स्पंज ठेवायचा. कुणी दाबलं नाही तरी पेशी सुट्या होतात. अशा पेशी नंतर चांगल्या समुद्राच्या पाण्यात, पण थंडीत ठेवल्या, तर त्या चिकटत नाहीत. उबदार पाण्यात ठेवल्या तर काही वेळाने चिकटतात.

यातून निघालेला अर्थ असा. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात पेशींवरून काहीतरी धुऊन निघालं होतं. उबेत पेशी ते पुन्हा बनवू शकत होत्या, थंडीत बनवू शकत नव्हत्या. मग त्यांनी ते धुवण टाकून न देता जपून ठेवलं. थंडीत सुट्या पडलेल्या पेशींवर ते आणि थोडं कॅल्शियम घातलं, आणि पेशी चिकटल्या. मायक्रोसिओनाचं धुवण मायक्रोसिओनाच्या पेशींना चिकटवायचं, हॅलिक्लोनाचं हॅलिक्लोनाच्या. ओळखीची खूण पाण्यात विरघळवून बाटलीत भरता आली होती.

ही खूण म्हणजे एक प्रचंड मोठा रेणू निघाला, प्रथिन आणि साखरेच्या साखळ्यांचा मिळून झालेला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिओनाचा हा रेणू लहान मुलाने काढलेल्या सूर्यासारखा दिसतो, मधे कडं आणि भोवती किरण. रेणूचा एक भाग आपल्या पेशीला धरून राहतो. दुसरा भाग शेजारच्या पेशीवरच्या तशाच रेणूला धरतो, आणि ही धरपकड साखरेच्या साखळ्यांमधून होते. मधे कॅल्शियम असेल तरच पकड बसते. एकेक पकड अगदी हलकी असते. पण शर्टाला लावायच्या वेल्क्रोसारखं, अशा असंख्य पकडी एकत्र आल्या की पेशी सहज सुटत नाही. तुमच्या-माझ्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात तेव्हाही कॅल्शियमवर चालणारी प्रथिनं कामी येतात. रेणू वेगळे, पण गरज तीच. बहुपेशीय शरीर उभं करायचं तर आधी चिकटायला आणि ओळखायला यावं लागतं.

जात ओळखणं एक झालं. एकाच जातीतला आपला आणि परका ओळखणं त्याहून नाजूक. १९७९ मध्ये हिल्डेमन आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या कॅलिस्पाँजिया डिफ्युसा या स्पंजवर ते तपासलं. एकाच स्पंजचे दोन तुकडे शेजारी बांधून ठेवले तर ते जुळून एक होतात. एकाच जातीच्या दोन वेगळ्या स्पंजचे तुकडे बांधले, तर आधी काही दिवस ते जवळ येतात आणि मग जिथे स्पर्श होतो तिथलं ऊतक मरू लागतं. तोच परका तुकडा पुन्हा बांधला तर ही प्रतिक्रिया आणखी लवकर येते. किडनी बदलताना डॉक्टरांना ज्या नकाराची धास्ती असते, त्याचीच जात ही. रक्त नसलेला, पांढऱ्या पेशी नसलेला प्राणी परक्याला ओळखतो आणि काही काळ लक्षातही ठेवतो.

आता शिंकेकडे येऊ. होय, स्पंज शिंकतो, आणि शास्त्रज्ञ खरंच हाच शब्द वापरतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात सॅली लेज आणि त्यांचे सहकारी एफिडेशिया या गोड्या पाण्यातल्या छोट्या स्पंजवर काम करतात. तो काचपट्टीवर वाढवता येतो आणि जवळजवळ पारदर्शक असतो, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. त्याच्या पाण्यात शाईचे कण घातले की तो आधी फुगतो, आतल्या वाटा पाण्याने भरून घेतो, मग सगळं अंग आवळतो आणि अडकलेला कचरा पाण्याबरोबर बाहेर ढकलतो. हे सगळं व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. नुसत्या डोळ्यांनी पाहत बसलं तर काहीच घडत नाही असं वाटतं. चित्रण वेगाने फिरवून पाहिलं की शिंक दिसते.

मज्जातंतू नसताना ही शिंक कोण घडवतं? बाहेर जायच्या तोंडाच्या आतल्या बाजूच्या पेशींना दोन-दोन सूक्ष्म केस असतात. ते कॉलर पेशींच्या शेपटीसारखे वळवळत नाहीत, नुसते उभे असतात. झोत कमीजास्त झाला की ते वाकतात, आणि पेशीला प्रवाह बदलल्याची खबर लागते. औषध देऊन हे केस झडवले तर स्पंज शिंकायचं थांबतो. आपल्या मूत्रपिंडाच्या नळ्यांतल्या पेशींवरही असेच न हलणारे केस असतात आणि तेही प्रवाहच जोखतात.

खबर पुढे जाते ती रसायनांतून. पाण्यात ग्लुटामेट घातलं तर स्पंज शिंकायला लागतो, गाबा नावाचं रसायन घातलं तर शिंक दबते. ग्लुटामेट म्हणजे ज्याच्या क्षाराला आपण अजिनोमोटो म्हणून ओळखतो ते. आपल्या मेंदूतही ग्लुटामेट मज्जापेशींना चेतवतं आणि गाबा शांत करतं. मेंदू जन्माला यायच्या आधीपासून ही दोन रसायनं पेशींच्या बोलण्यात होती, असाच याचा अर्थ मी लावतो.

समुद्रातली शिंक आणखी वेगळी निघाली. कॅरिबियन समुद्रातल्या अ‍ॅप्लिसिना आर्चेरी या नळकांड्यासारख्या स्पंजची शिंक २०२२ मध्ये निक्लास कॉर्नडर आणि सहकाऱ्यांनी चित्रित केली. पाणी ज्या बारीक छिद्रांतून आत जातं, त्याच छिद्रांतून शेंबूड प्रवाहाच्या उलट बाहेर येत होता. पृष्ठभागावर त्याच्या धाग्यांसारख्या वाटा होत्या, त्या वाटांनी तो एके ठिकाणी जमून गोळे होत होते. मग पृष्ठभागाच्या पेशी आकसून सैल पडायच्या आणि गोळे निसटायचे. खाली मासे आणि ठिसूळ तारे (ताऱ्यामाशांचे बारीक हातांचे भाऊबंद) ते खायला टपलेले. एकाने झटकलेला कचरा दुसऱ्याचं जेवण होत होता.

काचस्पंज नावाचा गट मात्र घाईत असतो. त्यांचा सांगाडा वाळूच्याच द्रव्याचा, सिलिकाचा, आणि त्यांच्या बहुतेक पेशी एकमेकींत मिसळून सगळ्या अंगभर एकच सलग जाळं झालेलं असतं. मधे भिंती नाहीत म्हणून विजेचा संदेश सरळ पळतो. लेज आणि जॉर्ज मॅकी यांनी १९९७ मध्ये तो मोजला, सेकंदाला साधारण पाव सेंटिमीटर. आपल्या मज्जातंतूंपुढे हा गोगलगायीचा वेग आहे, पण गाळ आला की अख्ख्या स्पंजचा पंप बंद करायला तो पुरतो.

मग २०२१ मध्ये हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतून एक मोठं काम आलं. जेकब मसर आणि डेटलेव्ह आरेंट यांच्या गटाने स्पाँजिला या गोड्या पाण्यातल्या स्पंजची एकेक पेशी सुटी करून तिच्यात कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं. पेशींचे १८ प्रकार निघाले. त्यातला एक प्रकार कॉलर पेशींच्या खोल्यांत हिंडतो, आपले लांब हात कॉलरपर्यंत पोहोचवतो आणि पिशव्यांतून काहीतरी स्रवण्याची यंत्रणा बाळगतो. मज्जापेशी टोकाशी संदेश सोडायला वापरते त्यातलीच ही जनुकं. आणि संदेश घ्यायच्या बाजूची काही जनुकं सापडली ती कॉलर पेशींत. मज्जासंस्था नाही, पण तिचं सामान दोन वेगवेगळ्या घरांत ठेवलेलं आहे. पाणी कधी थांबवायचं, कुठे जिवाणू जास्त झाले, अशी गल्लीतली देवाणघेवाण त्यातून होत असावी असं संशोधकांचं मत आहे, आणि मलाही ते पटतं.

इतकं खाऊन स्पंज वाढतो का? नेहमी नाही. कॅरिबियनमधल्या कुरसाव बेटाजवळच्या प्रवाळांच्या अंधाऱ्या कपारीत राहणारा हॅलिसार्का हा पातळ स्पंज पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य भरपूर शोषतो, पण त्याचं वजन त्या मानाने वाढत नाही. यास्पर दे गोई यांच्या गटाने शोध घेतला, तेव्हा दिसलं की त्याच्या कॉलर पेशी साधारण साडेपाच तासांत एकदा विभागतात. आपल्या आतड्याच्या अस्तराचं नूतनीकरण वेगवान मानलं जातं आणि त्यालाही काही दिवस लागतात. जुन्या पेशी स्पंज सतत झाडून टाकतो, त्या तळाशी पडतात आणि गोगलगायी, किडे, कोळंबीसारखे जीव त्या खातात. विरघळलेलं अन्न या प्राण्यांना थेट घेता येत नाही, स्पंज ते चावता येईल असं करून देतो. प्रवाळांभोवतीचं निळंशार पाणी खतांच्या दृष्टीने वाळवंटच असतं, तरी तिथे इतके जीव कसे पोसले जातात याचं एक उत्तर इथे आहे. सतत गाळणाऱ्या पेशींना पाण्यातलं विषही सतत लागत असणार. मला वाटतं, पेशी झिजायच्या आत बदलून टाकायची ही सवय स्पंजला त्यासाठीही उपयोगी पडत असेल.

ताप मात्र सगळ्यांनाच झेपत नाही. पाणी तापलं की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. सगळ्या सजीवांप्रमाणे स्पंजच्या पेशीही तेव्हा उष्माघात प्रथिनं बनवतात. ती घड्या सावरतात, फारच बिघडलेली प्रथिनं मोडीत काढायला मदत करतात. हे काम खर्चाचं आहे, आणि त्याला मर्यादा आहे. ग्रेट बॅरियर रीफमधल्या ऱ्होपालोइडिस या स्पंजला ३१ अंशांपर्यंत त्रास दिसला नाही, पण ३३ अंशांना काही दिवसांतच ऊतक मरू लागलं, आणि त्याच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंची घडीही मोडली. म्हणजे तगणं आणि मरणं यांच्यात फक्त दोन अंश. २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या फियोर्डलंड किनाऱ्यावर समुद्र असाच तापला तेव्हा लाखो स्पंज पांढरे पडलेले आढळले. पळून सावलीत जायची सोय ज्याला नाही, त्याच्याकडे पेशीच्या आतली ही शिबंदी एवढाच आधार असतो. हे वाचताना मला काळजी वाटते, कारण आपल्या बाजूचा अरबी समुद्रही तापतो आहे.

पळता येत नाही म्हणून स्पंजने रसायनं कमावली, स्वतः किंवा अंगातल्या जिवाणूंकडून. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या समुद्रातल्या एका स्पंजमध्ये विचित्र न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या माळेतल्या मण्यांसारखी द्रव्यं, सापडली. नेहमीच्या साखरेऐवजी त्यांत अरॅबिनोज होती. आपली पेशी डीएनए विणताना असा मणी ओवायला गेली की विणकाम अडतं. या धाग्यावरून पुढे सायटॅराबिन हे औषध आलं, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ते आजही प्रमुख औषध आहे. आपल्याकडच्या कर्करोग वॉर्डांतही ते रोज चढवलं जातं. सलाईनच्या त्या पिशवीमागे एका स्पंजची गोष्ट आहे, हे रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावंसं मला नेहमी वाटतं.

शेवटी मुंबईकडे यायलाच हवं, कारण स्पंजच्या अभ्यासातला एक जुना आणि महत्त्वाचा भाग इथेच घडला. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला असलेले डॉक्टर. विहारचं पाणी १८६० मध्ये येईपर्यंत शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सीपी टँक ही नावं त्या तळ्यांचीच. तशा तळ्यांमध्ये कार्टरना गोड्या पाण्यातले स्पंज सापडले, आणि १८४८-४९ मध्ये त्यांनी त्यांवर निबंध लिहिले. स्पंजच्या पेशी सुट्या होऊन अमीबासारख्या सरपटतात हे त्यांनी विल्सनच्या कितीतरी आधी टिपलं. १८५७ मध्ये त्यांनी लाल रंगाची पूड स्पंजला खाऊ घालून, ती कोणत्या खोल्यांत अडकते ते सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्यांच्या नावाचा स्पाँजिला कार्टेरी, आताचा युनापियस कार्टेरी, आपल्या तळ्यांत आजही आढळतो.

या तळ्यांत विल्सनच्या कापडाची गरजच नव्हती. एप्रिल-मेमध्ये पाणी आटू लागलं की स्पंजचं शरीर आपणहून मोडतं. पेशी मरतात, सांगाड्याची जाळी वाळते, आणि तिच्यात खसखशीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गोळ्या अडकून राहतात. प्रत्येक गोळीत अन्न साठवलेल्या काही भटक्या पेशी असतात, कडक आवरणात, जवळजवळ थांबलेल्या. ऊन, धूळ, वारा सगळं त्या सोसतात. कार्टरनी अशा गोळ्या पाण्यात ठेवून पाहिल्या. पाणी लागल्यावर काही दिवसांत गोळीच्या एका बारीक तोंडातून पांढरट पेशी सरपटत बाहेर येतात, काचेवर पसरतात, कंटिका म्हणजे सांगाड्याचे सूक्ष्म काटे उभे करतात, वाटा कोरतात. मग त्या पातळ थराच्या मधोमध एक पारदर्शक नळी वर येते, आणि तिच्या टोकातून पाण्याचा पहिला झोत बाहेर पडतो.